स्वीकारलेले बंधन, लादलेले बंधन

अशोक विजयादशमीच्या आदल्या दिवसापासून अमरावती महामार्गाची वर्दळ बदलते. बुलढाणा, वाशीम, अकोला, अमरावतीकडून निघालेल्या बस, टेम्पो, मोटारी पंचशील ध्वज लावून नागपूरच्या दिशेने येतात आणि वाडी नाक्यावरून शहरात शिरतात. एरवी वाडी ओळखली जाते ती ट्रान्सपोर्टच्या गोदामांसाठी, रांगेत उभ्या असलेल्या ट्रकांसाठी आणि शेजारच्या अंबाझरी आयुध निर्माणीसाठी. इथून दीक्षाभूमी जेमतेम आठ-दहा किलोमीटरवर. पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसे, कडेवर लेकरे घेतलेल्या बाया आणि पुस्तकांच्या स्टॉलवर खर्च करायला वर्षभर पैसे बाजूला टाकणारी तरुण मुले या रस्त्याने जातात. ज्या दिवसाची आठवण जागवायला ती जातात, त्या दिवसाच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक फार जुना आणि अवघड प्रश्न आहे.

१४ ऑक्टोबर १९५६. त्या सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनगरच्या महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर समोरच्या लाखोंच्या समुदायातल्या ज्यांना दीक्षा घ्यायची आहे त्यांनी उभे राहावे, असे त्यांनी सांगितले. लोक उभे राहिले. बाबासाहेबांनी त्यांना त्रिशरण आणि पंचशील दिले आणि पाठोपाठ स्वतः तयार केलेल्या बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. जुन्या देवतांची उपासना करणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही, सर्व माणसे समान मानीन, चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही. हजारो वर्षे ज्यांच्यावर दुसऱ्यांनी केलेले नियम लादले गेले, ती माणसे मोकळी झाली आणि त्याच तासात त्यांनी बावीस नवे नियम अंगावर घेतले.

मोकळे होण्याच्या क्षणी माणसाला बंधन कशाला हवे? आणि बंधन घ्यायचेच होते, तर जुन्या आणि नव्या बंधनात फरक कोणता? व्यक्तीचे स्वातंत्र्य एका पारड्यात आणि समाजाचे नियम दुसऱ्या पारड्यात घालून तोल साधायचा, अशी या प्रश्नाची नेहमीची मांडणी असते. ती अपुरी आहे. दीक्षाभूमीवरच्या त्या सकाळी स्वातंत्र्य आणि नियम एकमेकांसमोर उभे नव्हते. नियम घेणे हाच तिथे स्वातंत्र्याचा पहिला वापर होता. त्यामुळे नियम किती असावेत यापेक्षा तो कोणी केला, त्याची किंमत कोण मोजतो आणि तो नाकारणाऱ्याचे पुढे काय होते, हे विचारायला हवे.

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण महाराष्ट्राने त्याची उत्तरे फार जवळून पाहिली आहेत.

जातपंचायतही नियमच करते. लग्न कोणाशी करायचे, वाद कुठे मिटवायचा, दंड किती भरायचा, हे ती ठरवते. तिचेही म्हणणे असते की समाज एकत्र राहावा, पोरीबाळींची अब्रू राहावी, कोर्टकचेऱ्यांत पैसा जाऊ नये. शब्द सार्वजनिक हिताचेच असतात. पण नियम मोडणाऱ्याला वाळीत टाकले की त्या शब्दांचा अर्थ उघडा पडतो. त्याच्याशी कोणी बोलत नाही, दुकानदार माल देत नाही, त्याच्या घरच्या लग्नाला कोणी येत नाही आणि मयतीला खांदा द्यायलाही कोणी येत नाही. रायगड जिल्ह्यातल्या गावकीच्या बहिष्काराची प्रकरणे गेल्या दशकात एकामागून एक बाहेर आली. २०१३ मध्ये नाशिकमध्ये एका बापाने आंतरजातीय लग्न केलेल्या आपल्या गरोदर मुलीचा जीव घेतला. त्या खुनामागचा जातपंचायतीचा दबाव पाहून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. मोहीम थांबली नाही. एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले.

प्रतिज्ञा आणि पंचायतीचा हुकूम यांत वरवर साम्य आहे. दोन्ही समूहाच्या नावाने येतात, दोन्ही आचरण ठरवतात. पण दीक्षाभूमीवर जो उभा राहिला नाही, त्याचे पाणी तोडले गेले नाही. ज्याने प्रतिज्ञा घेतली आणि पुढे घरात जुना देव ठेवला, त्याच्याकडून दंड वसूल करणारी कोणतीही यंत्रणा बाबासाहेबांनी उभी केली नाही. नियमाला माणसाच्या मनाखेरीज दुसरा पहारेकरी ठेवायचा नाही, हा फार मोठा धोका त्यांनी पत्करला. ज्या नियमातून बाहेर पडणाऱ्याची भाकर, शेजार आणि मरणाचे खांदेकरी जात नाहीत, तोच नियम त्या माणसाने खरोखर स्वीकारला आहे असे म्हणता येते. बाहेर पडण्याची वाट बंद असेल, तर आत राहणाऱ्याची संमती कोणी कशावरून मोजायची?

हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही मुंबई राज्यातून गेला होता. मुंबई सरकारने १९४९ मध्ये कोणत्याही समाजाला आपल्या सदस्याला बहिष्कृत करण्यास मनाई करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले. १९६२ मध्ये घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मताने तो कायदा रद्द ठरवला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणे हा संप्रदायाच्या स्वतःच्या धार्मिक व्यवहाराचा भाग आहे आणि संविधानाच्या २६ व्या अनुच्छेदाने त्याला संरक्षण आहे, असे बहुमताने मानले. एकटे पडलेले मत सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे होते. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्यासारखा होतो आणि त्याची प्रतिष्ठा राखण्यासाठी केलेला कायदा टिकला पाहिजे, असा त्यांचा कल होता. २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा विषय नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. शबरीमला मंदिरप्रवेशाच्या निमित्ताने उभे राहिलेले प्रश्नही त्याच पीठापुढे ठेवलेले आहेत.

बहुमताच्या बाजूनेही एक खरा युक्तिवाद आहे आणि तो झटकून टाकणे योग्य नाही. समूहाला स्वतःचे नियम ठरवण्याचे स्वातंत्र्यच नसेल, तर धर्मस्वातंत्र्य म्हणजे घराच्या चार भिंतींतली एकट्याची पूजा एवढेच उरेल. बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्या समुदायालाही आपण कोण आणि आपल्यात काय चालणार नाही, हे सांगण्याचा हक्क होताच. म्हणून समूहाने सदस्यत्वाच्या अटी ठरवाव्यात, पण सदस्यत्व गेलेल्या माणसाची माणूस म्हणून असलेली जागा हिरावू नये, अशी रेघ ओढावी लागते. मंदिर, मशीद, विहार यांत कोणाला कोणते पद मिळेल हा एक प्रश्न. त्या माणसाला दफनाची जागा मिळेल का आणि त्याची आई त्याच्याशी बोलू शकेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर समूहाने द्यावे. दुसरा समूहाच्या हाती सोडता येत नाही.

तरीही सगळ्या अन्यायी नियमांवर बाहेर पडण्याचा मार्ग पुरतो असे नाही. ज्यांना बाहेर पडताच येत नाही, त्यांचे काय? पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या प्रश्नावर जो वाद झाला, तो आजही ताजा आहे.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. सरकारने संमतिवयाचे विधेयक आणले. शरीरसंबंधाला संमती देण्याचे वय दहावरून बारा करावे, एवढेच त्यात होते. लोकमान्य टिळकांनी विरोध केला. परकीय सरकारने कायद्याच्या जोरावर आमच्या समाजात हात घालू नये, सुधारणा समाजाने आतून करावी, ही त्यांची भूमिका. त्यांनी एक पर्यायही मांडला होता. मुलींची लग्ने सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करणार नाही, हुंडा घेणार नाही, विधवांचे केशवपन करणार नाही, अशा अटींवर सुधारकांनी आधी स्वतः सह्या कराव्यात आणि ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यापुरताच कायदा लागू व्हावा. सुचवलेली वये विधेयकातल्या वयापेक्षा कितीतरी पुढची होती. स्वतःहून घेतलेले बंधन हेच खरे बंधन, हा त्यामागचा विचार बावीस प्रतिज्ञांच्या विचाराशी नात्यातला वाटतो.

पण गोपाळ गणेश आगरकरांनी ‘सुधारक’मधून ज्या बाजूने लढा दिला, तिच्याकडे याचे उत्तर होते. सह्या करणार बाप आणि नवरे. जिचे शरीर मोडणार, त्या मुलीची सही कोणी विचारली? आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर नीट पचवले होते. दुसऱ्याला इजा होत असेल तेव्हाच समाजाने व्यक्तीवर सक्ती करावी, ही जॉन स्टुअर्ट मिलची १८५९ मधली कसोटी ते मराठी समाजाला लावत होते. त्या कसोटीवर नवऱ्याचे ‘स्वातंत्र्य’ आणि समाजाची ‘रूढी’ ही दोन्ही नावे गळून पडतात आणि एका मुलीची इजा तेवढी उरते. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. ज्यांनी ती काढली, त्यांचाही दावा समाजहिताचाच होता. मार्च १८९१ मध्ये विधेयकाचा कायदा झाला आणि आगरकर १८९५ मध्ये ऐन उमेदीत गेले.

बाहेर पडण्याची वाट मोकळी असावी ही पहिली अट; या वादातून हाती येते ती दुसरी. स्वेच्छेने घेतलेल्या बंधनाचे मोल मोठे, पण त्या नियमाची किंवा त्या स्वातंत्र्याची किंमत जर तिसराच कोणी मोजणार असेल, तर घेणाऱ्याची स्वेच्छा पुरेशी नाही. तिथे कायद्याने मध्ये यावेच लागते. लहान मूल, रुग्ण, परगावचा मजूर, बोलू न शकणारी सून यांच्या वतीने आधी कोणीतरी प्रश्न विचारला पाहिजे.

वाडीने याची फार कडू प्रचिती घेतली आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षात आग लागून दहा बाळे दगावली. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, ९ एप्रिलच्या संध्याकाळी, करोनाची दुसरी लाट शिगेला असताना वाडीतल्या एका खासगी कोविड रुग्णालयात आग लागली आणि चार रुग्णांचा जीव गेला. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. इमारतीच्या मालकाने किंवा ती वापरणाऱ्याने यंत्रणा नीट चालते याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. गोदाममालकाला, मंगल कार्यालयाच्या चालकाला, कोचिंग क्लासवाल्याला हा नियम म्हणजे कटकट वाटते. आपल्या मालमत्तेत आपण काय करावे हे सरकारने का सांगावे, असेही वाटते. पण त्या स्वातंत्र्याची किंमत मालक मोजत नाही. ती पलंगावर नळ्या लावून पडलेला माणूस मोजतो. त्याला तो नियम वाटाघाटीत सोडून देता आला नसता, कारण तो वाटाघाटीत कधी नव्हताच.

करोनाच्या त्या दोन वर्षांत धार्मिक सोहळ्यांबाबत घेतलेले दोन निर्णय इथे नोंदवले पाहिजेत. २०२० च्या आषाढीला संतांच्या पादुका पायी वारीऐवजी एसटी बसने पंढरपूरला गेल्या. त्याच वर्षी दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा रद्द झाला आणि लाखो लोकांनी घरीच वंदना घेतली. वारकऱ्याला वारी चुकणे काय असते, हे ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे त्यालाच कळेल. तरीही बहुतेकांनी ते सोसले. एकट्याच्या पुण्यापेक्षा दुसऱ्याचा श्वास मोठा, हे त्यांना कोणी पोलिसी दंडुक्याने शिकवले नव्हते.

पण त्याच काळात सार्वजनिक हिताच्या नावाखाली काढलेल्या एका हुकमाची दुसरी बाजूही महाराष्ट्राने पाहिली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत काम, खोली आणि रेल्वे तिन्ही गेलेले मजूर मुंबई-पुण्याहून चालत निघाले. कित्येक जण विदर्भातून पुढे छत्तीसगड, मध्य प्रदेशाकडे गेले. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड इथे रुळावर झोपलेल्या १६ मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. टाळेबंदीची गरज मान्य करूनही विचारावेच लागते, की तिची आखणी करताना या माणसांचा विचार कोणी केला होता का. नियम चांगल्या हेतूने केला, तो सर्वांना सारखा लागू केला, एवढ्याने तो न्याय्य होत नाही. घरात धान्य असलेल्यासाठी ‘घरी थांबा’ म्हणजे गैरसोय होती. ज्याचे घरच आठशे किलोमीटरवर आहे, त्याच्यासाठी त्या दोन शब्दांत जीव जाण्याइतके अंतर होते.

मग नियम करण्याच्या बैठकीत सगळ्यांना जागा कशी द्यायची? याचे एक उत्तर बौद्ध परंपरेतच आहे. विनयातले, म्हणजे भिक्षुसंघाच्या शिस्तीचे, नियम एकदम वरून खाली आले नाहीत. काहीतरी घडले, कोणाला तरी त्रास झाला, लोकांनी तक्रार केली, मग नियम झाला. पाली परंपरेत भिक्षूंचे असे २२७ नियम आहेत आणि दर पंधरवड्याला ते सर्वांसमोर म्हटले जात. संघात ठराव मांडण्याची, आवश्यक उपस्थितीची, मतदानाची रीत होती. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी याच गोष्टीची आठवण करून दिली होती. ज्याला भिक्षुजीवन पेलत नाही, त्याला चीवर उतरवून घरी जाता येत असे. आणि महापरिनिर्वाणापूर्वी बुद्धाने आनंदाला सांगितले होते, की संघाला वाटल्यास किरकोळ नियम रद्द करावेत. स्वतः घालून दिलेले नियमही अटळ नाहीत, असे सांगणारा धर्मसंस्थापक दुर्मीळच.

दुसरे उत्तर विदर्भातच गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगट चालले. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा देशभर गेली. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. पुढे गावाने ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन आपली खासगी शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करायचे ठरवले. शेतकऱ्याने जमिनीवरची मालकी सोडणे यापेक्षा मोठे वैयक्तिक स्वातंत्र्य कोणते सोडायचे असते? सर्वसहमतीचा आग्रह वेळ खातो आणि मोठ्या शहरात तो जसाच्या तसा चालणार नाही. पण न पटलेल्या एका माणसासाठी थांबायची तयारी ठेवली, तर माणसे किती मोठे बंधन आनंदाने स्वीकारू शकतात, हे या गावाने दाखवले.

न विचारता केलेल्या चांगल्या कामाचे काय होते, तेही नागपूरने अलीकडेच पाहिले. दीक्षाभूमीच्या विकास आराखड्यात भूमिगत पार्किंग होते. गर्दीची सोय हा हेतू. पण खोदकामाने स्तूपाला धोका पोहोचेल, ही भीती लोकांच्या मनात होती. १ जुलै २०२४ रोजी हजारोंचा जमाव जमला, बांधकामाची तोडफोड झाली, जाळपोळही झाली आणि सरकारला काम थांबवावे लागले. तोडफोडीचे समर्थन करता येत नाही. पण ज्यांच्या नावाने सोय होत होती, त्यांच्यापैकी अनेकांना त्या आराखड्यात आपले ऐकले गेल्याची खात्री वाटत नव्हती, हेही दुर्लक्षिता येत नाही.

३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी आपले सामाजिक तत्त्वज्ञान स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन शब्दांत सांगितले आणि ते आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतले नसून बुद्धाकडून घेतले, असे स्पष्ट केले. त्यात त्यांनी कायद्याला दुय्यम स्थान दिले. स्वातंत्र्य आणि समता मोडली जाऊ नये म्हणून कायदा हवा, पण त्यांची खरी हमी बंधुताच देऊ शकते, हा त्यांचा विश्वास होता. संविधानाच्या शिल्पकाराने असे म्हणावे, याला वजन आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही त्यांनी मांडले आहे, की एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की ती सुरू होते.

आणि ही बंधुता राज्यव्यवस्थेने किती उशिरा पाळली, याचा हिशेबही मांडलाच पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींच्या सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या होत्या. धर्म बदलणे हे संविधानाने दिलेले स्वातंत्र्य, पण ते वापरणाऱ्या बौद्धांच्या केंद्रीय सवलती गेल्या. त्या १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होईपर्यंत परत मिळाल्या नाहीत. १९५६ मध्ये जो मुलगा आईच्या बोटाला धरून दीक्षेला उभा राहिला, तो तोवर चाळिशीत पोहोचला होता. पंचायतीने वाळीत टाकणे आणि सरकारने सवलत काढून घेणे एकच नव्हे. पण मोकळे होणाऱ्याकडून किंमत दोघांनीही घेतली.

हे सगळे वाडीच्या रोजच्या जगण्यापासून लांबचे नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितले, की ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क होत नाही. गणेशोत्सव, दुर्गोत्सव, जयंती, उरूस यांच्या मंडळांच्या तयारीच्या बैठका वस्तीवस्तीत होतात. तिथे वर्गणी, मंडप, मिरवणुकीचा मार्ग ठरतो. रात्रपाळी करून सकाळी झोपणारा कामगार, दहावीची मुलगी, नुकतीच बाळंत झालेली बाई आणि हृदयाचा आजार असलेले आजोबा त्या बैठकीत नसतात. मंडळांच्या कार्यकर्त्यांनी यंदा मिरवणुकीचा मार्ग ठरवण्याआधी अशा चार-पाच घरी जाऊन विचारावे आणि मगच बैठकीला बसावे. परवानगीच्या अर्जात त्याची कुठे नोंद लागत नाही, कायदाही ते सांगत नाही. पण ते करायला नगर परिषदेच्या ठरावाची किंवा न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही आणि त्यासाठी कोणाच्या श्रद्धेचा एक कणही कमी करावा लागत नाही.